हात एकीचा, तोंड दुसरीचं

कुरुसवाडीतल्या किरिस्तावांच्या देवळात भागूबाईनं उभ्या जन्मात पाय ठेवला नव्हता, पण देवळाभोवतीच्या गडग्यावरची, त्या दगडी कुंपणावरची, एक जागा तिच्या बसण्यानं गुळगुळीत झाली होती. ती खालच्या पाड्यातली सुईण, कपाळभर कुंकू लावणारी. तिला वेड होतं गाण्याचं. रेवदंड्याला हरदास आला की खाडीवरची तर, पलीकडे नेणारी होडी, धरून ती कीर्तनाला जायची, आणि उपासाच्या चाळीस दिवसांत दर शुक्रवारी इकडे गडग्यावर येऊन बसायची. कारण कुरुसवाडीचे म्हातारे पाद्रीबाबा येशूच्या दुःखाचं प्रवचन ओव्यांत बांधून गात. आत किरिस्ताव बायका डोळे पुसत, बाहेर ही पदराचा बोळा तोंडात धरून रडे.

"तुमचा पाद्री गातो झकास," ती बायकांना सांगे. "मृदंग तेवढा न्हाय. आमच्या हरदासासमोर एकदा बसवा त्याला. कोण उठून जातंय बघू."

हे बाबांच्या कानावर गेलं तेव्हा ते पोट धरून हसले होते. पण त्यांनी तिला बोलावून घेतलं ते हसण्यासाठी नव्हे. वाडीतलं प्रत्येक पोर भागूबाईच्या हातात पडायचं, आणि त्यातलं एखादं येतानाच परतीच्या वाटेला लागलेलं असायचं. बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या पोराला आग नाही, यातना नाहीत, पण देवाचं तोंड दिसत नाही, अशी शिकवण. गडग्याच्या आतली पवित्र माती त्याला मिळत नाही. आणि पाद्री जवळ नसेल तर? तर कुणीही द्यावा. बाईनं द्यावा, किरिस्ताव नसलेल्यानंसुद्धा द्यावा. मनात हेतू हवा, डोक्यावरून पाणी वाहायला हवं, आणि शब्द नेमके हवेत.

देवळाच्या पायरीवर बसून बाबांनी तिला शिकवलं. पोराच्या डोक्याच्या जागी शहाळं धरलं, हातात करवंटी दिली. शब्द तिच्या जिभेवर बसेनात, तेव्हा त्यांनी ते ओवीच्या चालीवर घातले. मग जे बसले ते कायमचे. बापाच्या, नि पुत्राच्या, नि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते.

"एक ध्यानात ठेव, भागू," बाबा म्हणाले. "जिनं पाणी घातलं तिच्याच तोंडून शब्द निघाले पाहिजेत. दोघींनी वाटून घ्यायचं नाही. वाटून घेतलं तर पोराचं डोकं भिजेल, बाकी काही होणार नाही."

"व्हय बाबा. नाळ कापणारीनंच बांधायची असते. एकीनं कापून दुसरीनं बांधू म्हटलं, तर मधल्यामधी रगत जातंय."

"शाबास," बाबा म्हणाले. "इथंही तसंच."

वीस वर्षांत असे चार प्रसंग आले. चौथा दोन वर्षांमागचा, मार्सेलिनच्या पहिल्या मुलीचा. मुलगी चिमणीएवढी, जेमतेम पाव घटका जगली. तेवढ्यात भागूबाईनं करवंटी भरली, शब्द म्हटले, आणि पोर गडग्याच्या आत, पांढऱ्या कुरुसाखाली निजली. मार्सेलिन दर रविवारी तिथं तगरीची फुलं ठेवी. रडे, पण तिचं रडणं पुन्हा भेटीची आशा असलेल्या माणसाचं होतं.

मार्सेलिनची सासू पास्कीनबाय मात्र त्या कुरुसाकडे बघत नसे. पास्कीनबाय वाडीतली पहिल्या बाकावरची बाई. ऑक्टोबरात महिनाभर कुरुसापुढे संध्याकाळची रोजरी, जपमाळेची प्रार्थना, चाले, ती तीच चालवी. मणी न मोजता एकही प्रार्थना न चुकवणारी. अशा बाईला शेजारची इस्तेफिन देवळाच्या पायरीवर सगळ्यांदेखत बोलली होती, "तुझं एवढं रोजरी-रोजरी, आणि नातीला स्वर्गाचं दार उघडून दिलं कुणी? तर कुंकवाच्या भागूनं."

बायका फिस्सकन हसल्या. त्यात वाईट हेतू कुणाचा नव्हता. पण पास्कीनबायच्या मनात ते कुसळासारखं राहिलं, आणि दोन वर्षं आतल्या आत पिकत गेलं.

एकतीस सालच्या ऑक्टोबरात मार्सेलिनचे दुसऱ्या खेपेचे दिवस भरले. नवरा दुमिंग मुंबईला गोदीत कामाला. म्हातारे बाबा वर्षापूर्वीच वारले होते, आणि त्यांच्या जागी आलेले तरुण पाद्री सरळ, नेमस्त माणूस. गात नसत, पण आजारी माणसाला बघायला कोसभर उन्हातून चालत जात. त्या दिवशीही ते चौलला कुणा मरणाऱ्याला शेवटचं पवित्र तेल लावायला गेले होते. खाडीला ओहोटी लागली, तरीची होडी गाळात रुतून बसली, आणि आता संध्याकाळच्या भरतीपर्यंत पलीकडचा माणूस पलीकडेच राहणार हे उघड झालं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मार्सेलिन मोकळी झाली. मुलगा झाला. अंगानं भरलेला, केसाळ, पण निळा. भागूबाईनं त्याला पालथा घातला, पाठ चोळली, तोंडातलं बोटानं काढलं. पोरानं एकदा कण्हल्यासारखं केलं. छाती हलली, थांबली, पुन्हा हलली. भागूबाईनं हातांनीच ओळखलं. तिनं कोनाड्यातली करवंटी घेतली आणि तांब्यातलं पाणी तीत ओतलं.

"थांब," पास्कीनबाय म्हणाली.

ती उशाशी उभी होती. एका हातात मेणबत्ती, दुसऱ्यात कुरूस.

"थांबायला येळ न्हाय, पास्कीनबाय."

"पाणी तू घाल. शब्द मी म्हणते."

भागूबाईनं मान वर केली. बाबांची पायरी, ते शहाळं, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं. "बाबांनी मला सांगितलंय—"

"बाबा गेले. तुझ्या तोंडाला सकाळी कसला कसला प्रसाद लागलाय, मला काय माहीत? त्याच तोंडानं माझ्या नातवावर पवित्र आत्म्याचं नाव घेणार होय? एकदा घेतलंस, पुरे झालं. तू सुईण. तुझा हात भाड्याचा, तोंड नको."

पंचवीस वर्षं त्या घरातली सुखदुःखं तिनं हातावर झेलली होती. दुमिंगला तिनंच जगात आणला होता. पास्कीनबाय बाळंतज्वरानं बरळत होती तेव्हा तीन दिवस तिच्या उशाशी हीच बसली होती. भागूबाईचं तोंड आपोआप मिटलं. ओठ घट्ट आवळले गेले. सांगायचं वाक्य अगदी एवढंसं होतं, की पाणी घालणारीनंच बोलावं लागतं. ते जिभेच्या टोकावर आलं होतं, आणि तिनं ते गिळलं. म्हणू दे हिला, तिच्या मनात आलं. मिरवू दे. मग हिची पाठ फिरली की मी कोपऱ्यात नेऊन माझं मी करीन.

एवढाच तिचा राग. एका श्वासाएवढा.

तिनं पाणी घातलं. पास्कीनबायनं डोळे मिटून शब्द म्हटले, खणखणीत, एकही न चुकता. पोराच्या केसांतून पाणी ओघळून भागूबाईच्या मनगटावर आलं. मार्सेलिन बाजेवरून बघत होती. ती पोराकडे बघत नव्हती, तिला धीर होत नव्हता. ती भागूबाईच्या तोंडाकडे बघत होती, जसं आजाऱ्याचे लोक वैद्याच्या तोंडाकडे बघतात.

पास्कीनबायनं पोराच्या कपाळावर कुरूस टेकवला आणि मेणबत्ती ठेवायला वळली. भागूबाईनं करवंटी पुन्हा तांब्यात बुडवली. ती वर काढेपर्यंत पोराची छाती थांबलेली होती. तिनं कान लावला. बोट लावलं. मग करवंटीतलं पाणी तांब्यात परत ओतलं.

त्यानंतरची सबंध दुपार पास्कीनबाय दुःखात असूनही ताठ होती. बायका आल्या, तिनं प्रत्येकीला सांगितलं. इस्तेफिनला दोनदा सांगितलं. सुनेच्या उशाशी बसून तिचे केस मागे सारत ती म्हणाली, "रडू नको, मुली. हा तर सरळ देवाच्या मांडीवर गेला. ह्या वेळी सगळं शुद्ध झालं. भागूच्या तोंडून मी एक शब्द निघू दिला नाही. एक शब्दसुद्धा नाही."

मार्सेलिननं मान हलवली. तिला त्या वेळी धरायला काहीतरी हवं होतं. तिनं ते धरलं.

भरती आली तशी पाद्री आले. तरवाल्या नामानं धक्क्यावरच त्यांना बातमी दिली. ते पायांचा चिखलही न धुता आले, पोराच्या कपाळाला हात लावला. ते केव्हाच थंड झालं होतं. बाहेर पडवीत येऊन त्यांनी विचारलं, "बाप्तिस्मा कुणी दिला?"

"मी," पास्कीनबाय म्हणाली. "मी शब्द म्हटले, पाद्रीबाबा. माझ्या ह्या तोंडानं. भागूनं नुसतं पाणी घातलं."

पाद्रींनी हळू आवाजात पुन्हा विचारलं, "म्हणजे पाणी एकीनं घातलं आणि शब्द दुसरीनं म्हटले?"

"होय. कुंकवाच्या बाईच्या तोंडून पवित्र नाव नको, म्हणून मी—"

"पास्कीनबाय," पाद्री म्हणाले, "त्या बाईच्या तोंडून चाललं असतं. तुमच्या हातून तर चाललंच असतं. पण असं नाही चालत. 'मी तुला बाप्तिस्मा देते' असं म्हणणाऱ्यानं द्यायला हवा ना? तुम्ही म्हणालात 'देते', आणि दिलं काहीच नाही. तिनं दिलं, आणि म्हणाली काहीच नाही."

पास्कीनबायला हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती पडवीच्या खांबाला धरून खाली बसली.

पाद्री दगडाचे नव्हते. ते म्हणाले, "त्या भागूबाईला म्हाताऱ्या पाद्रींनी शिकवलेलं आहे. पाणी घालताना सवयीनं तिच्याही तोंडून शब्द आले असतील. पुटपुटली असेल. तसं असेल तर बाप्तिस्मा झाला. सकाळी मिस्सेच्या प्रार्थनेनंतर मी तिला विचारतो."

दिवेलागणीला पास्कीनबाय खालच्या पाड्यात उतरली. त्या वाटेला ती वीस वर्षांत सुईण बोलावण्याखेरीज गेली नव्हती. भागूबाई ओट्यावर बसली होती. पुढ्यातली भाकर तशीच.

"भागू गो," पास्कीनबाय म्हणाली. उंबऱ्यावर कुंकू-हळद वाहिलेली होती. तिच्याच शेजारी ती खाली बसली. "उद्या पाद्री तुला विचारतील. तूही पुटपुटलीस म्हणून सांग."

"मी पुटपुटले न्हाय."

"मला माहीत आहे."

"माझं तोंड भाड्याचं पण नको होतं तुला."

"मार मला," पास्कीनबाय म्हणाली. "तुझ्या पायातली वहाण घे नि मार. पण त्याला गडग्याच्या बाहेर नको टाकू. तिथं कुत्री असतात गो."

भागूबाईनं भाकरीच्या ताटलीवर झाकण घातलं. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, की तुझी चूक अडाणीपणाची, माझी जाणूनबुजून. पण ते तिनं सांगितलं नाही. "सांगीन," ती म्हणाली. "जा तू. सुनेला काय कळू देऊ नको."

"नाही. तिला कशाला? तिला वाटतंय सगळं नीट झालं. तसंच वाटू दे."

आणि पास्कीनबायनं ते पाळलं. सुनेला ती एक अक्षर बोलली नाही.

सकाळी मिस्सेनंतर पाद्री वही काखेत घेऊन पडवीत आले. वाडीतली चार माणसं जमली होती. पोराला धुऊन, पांढरं आंगडं घालून, फळीच्या छोट्या पेटीत ठेवलं होतं. भागूबाई अंगणात उभी.

"बाई, खरं सांग," पाद्री म्हणाले. "पाणी घालताना तू शब्द म्हटलेस का?"

"म्हटले," भागूबाई म्हणाली. "पास्कीनबाय मोठ्यानं म्हणत होती, मी आपली हळू."

"सगळे?"

"सगळे. म्हणून दाखवू?" आणि तिनं म्हणून दाखवले. चालीवर, बाबांनी घातलेल्या. अंगणातल्या दोघातिघांनी आपोआप छातीवर कुरूस काढला. पाद्रींचा चेहरा सैल झाला. त्यांनी वही उघडली, दौतीत टाक बुडवला.

"साक्षीला नाव लागतं," ते म्हणाले. "कुणी बघितलं?"

"मी डोळे मिटले होते," पास्कीनबाय घाईनं म्हणाली.

"मग आईनं बघितलं असेल." पाद्री दारात गेले, आणि आतल्या अंधारात बाजेवर पडलेल्या मार्सेलिनला त्यांनी फार मायेनं विचारलं, "मुली, एवढंच सांग. भागूबाई पाणी घालत होती तेव्हा तिचे ओठ हलत होते ना?"

मार्सेलिन कोपरावर उठली. रात्रभर तिनं सासूचंच वाक्य उराशी धरलं होतं. शुद्ध झालं, भागूच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. आता पाद्री स्वतः विचारायला आले होते. तिला वाटलं, गावात कुणीतरी चुगली केली असणार, कुंकवाच्या बाईनं नाव घेतलं म्हणून माझ्या पोराचा बाप्तिस्मा बाटला असं कुणीतरी सांगितलं असणार. ती घाबरली. पोराच्या बाजूनं जेवढा आवाज काढता येईल तेवढा तिनं काढला.

"नाही, पाद्रीबाबा. नाही हलले. कुरुसाची शपथ घेते. मी सारखी तिच्याच तोंडाकडे बघत होते. अगदी घट्ट मिटलेलं होतं. सगळे शब्द सासूमायच बोलली. भागूमावशीनं एक शब्द म्हटला नाही, माझ्या पोराला कसलाही विटाळ झाला नाही."

टाकाच्या टोकावरची शाई वहीच्या कोऱ्या रकान्यात टपकन पडली. पाद्रींनी ती टिपली आणि वही मिटली.

"ठीक आहे, मुली," ते म्हणाले. "तू पड आता."

"झालं ना बाबा? मिळेल ना त्याला ताईशेजारी जागा?"

बाहेर येऊन पाद्रींनी भागूबाईकडे पाहिलं. रागानं नव्हे. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

गडग्याच्या बाहेर, समुद्राच्या अंगाला, केवड्याच्या बनाआधी वाळूचा एक पट्टा आहे. तिथं खड्डा खणला. पाद्री विधीचे कपडे न चढवता, हातात पुस्तक न घेता, उघड्या डोक्यानं सोबत आले. तेवढं त्यांना करता येत होतं, ते त्यांनी केलं. कुत्री येऊ नयेत म्हणून पास्कीनबायनं स्वतः दगड वाहिले. इस्तेफिन एक दगड घेऊन आली, तर तिच्या हातातून काढून घेऊन तो पास्कीनबायनंच ठेवला.

त्या रविवारी पाद्रींनी प्रवचनात नाव न घेता सांगितलं, की आपल्या वाडीत एक आई आहे, जिनं स्वतःचं काळीज फाटत असताना देवासमोर खोटं सांगितलं नाही. सगळ्यांच्या माना मार्सेलिनच्या रिकाम्या जागेकडे वळल्या. तोवर वाडीत सगळ्यांना सगळं कळलं होतं. तिलाही. महिनाअखेर वाडीनं रेवदंड्याहून दुसरी सुईण ठरवली. भागूबाईला कुणी काही बोललं नाही, फक्त बोलावलं नाही.

नाताळाच्या आधी एका सकाळी भागूबाई केवड्याच्या बनापाशी लाकडं वेचत होती. मार्सेलिन आली. हातात तगरीची फुलं, दोन वाटे केलेली. एक वाटा तिनं दगडांवर ठेवला, दुसरा ओच्यात तसाच राहू दिला. वाळूत बसली आणि समुद्राकडे बघत म्हणाली, "मावशी, तुझं तोंड मी बघत होते ना, तेव्हा मला वाटलं तू काहीतरी गिळलंस."

भागूबाईच्या हातातली काटकी मोडली.

"तुला ठाऊक होतं का गो, की असं चालत नाही?"

आता खोटं बोलणं सगळ्यात सोपं होतं. विचारायला पाद्री नव्हते, साक्षीदार नव्हता. पण एकदा खोटं बोलून झालं होतं, आणि ते उपयोगी पडलं नव्हतं.

"व्हय," भागूबाई म्हणाली. "ठाऊक होतं. तुझ्या सासूनं माझं तोंड काढलं म्हणून मला राग आला. म्हटलं, मागाहून करीन. करवंटी भरेपर्यंत तो गेला."

मार्सेलिननं मान हलवली, जणू अलिबागच्या वाटेचा खुणेचा दगड कुणी सांगितला आणि तिला तो बरोबर वाटला.

"म्हण आता," ती म्हणाली.

"मेल्यावर लागत न्हाय ते, पोरी."

"त्याला नको. मला ऐकव. मी कधी नीट ऐकलेच नाहीत. तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघत होते, आणि शब्द भलतीकडून येत होते."

भागूबाईनं लाकडं खाली ठेवली. कोरड्या तोंडानं, बाबांच्या त्याच चालीवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत तिनं शब्द म्हटले. संपायला फार वेळ लागला नाही.

मार्सेलिन पुढचं काही येतंय का याची वाट बघत राहिली. मग तिनं भागूबाईकडे वळून पाहिलं.

"एवढंच होतं?" ती म्हणाली.

आणि उरलेली फुलं ओच्यात धरून, गडग्याला वळसा घालून, ती आत मुलीकडे गेली.